मत कोणाचे, भोग कोणाचे?

लोकांनी स्वतः निर्णय घ्यावेत की निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी, हा वाद जुना आहे. प्रत्यक्ष लोकशाही तेवढी खरी आणि प्रातिनिधिक लोकशाही ही नाइलाजाची तडजोड, असे अनेकांना वाटते. दोन उदाहरणे पाहिली की प्रश्न इतका सोपा राहत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये २९ नोव्हेंबर २००९ रोजी सार्वमत झाले. मशिदींना नवे मिनार बांधण्यास बंदी घालावी का, एवढाच सवाल होता. तेव्हा साऱ्या देशात मिनार होते चार. सरकार आणि संसद, दोघांचाही बंदीला विरोध होता. तरी ५७.५ टक्के मतदारांनी होकार दिला आणि बंदी राज्यघटनेत गेली. तेथील बहुसंख्य मुसलमान परदेशी नागरिक. त्यांना मताचा हक्कच नव्हता. याच देशात १९५९ साली पुरुषांनी मतदान करून स्त्रियांना मताधिकार नाकारला होता. तो मिळायला १९७१ साल उजाडले.

मग प्रतिनिधींवरच भरवसा ठेवावा का? ओडिशातील नियमगिरीकडे पाहा. त्या डोंगरावर नियमराजाचा वास आहे, अशी डोंगरिया कोंध आदिवासींची श्रद्धा. निवडून आलेल्या राज्य सरकारला तेथे बॉक्साइटची खाण हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा सवाल ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली.

एके ठिकाणी थेट मतदानाने श्रद्धेवर घाला घातला, दुसरीकडे थेट सभेनेच ती वाचवली. नियमगिरीत ज्यांचा डोंगर जाणार होता तेच बोलले. स्वित्झर्लंडमध्ये ज्यांचे काहीच जाणार नव्हते, मुख्यतः त्यांनी ठरवले. म्हणून कसोटी ही की, निर्णयाचा भार ज्यांच्यावर पडणार त्यांचा आवाज त्यात आहे का? आणि दुसऱ्याचा मूलभूत हक्क तर मतमोजणीला लावूच नये, मग मत देणारी जनता असो की खासदार.

हीच कसोटी आपल्यालाही लावली पाहिजे. कुरआनातील एका सूरेचे नावच ‘शूरा’, म्हणजे सल्लामसलत. पण तलाक, पोटगी, मुलींचे शिक्षण यांवर जमातीची बैठक बसते तेव्हा तिथे स्त्रिया किती असतात? मिनारबंदीने आपले मन दुखावते, ते रास्तच आहे. मात्र आया-बहिणींना न विचारता त्यांचे भवितव्य ठरवणारे आपण त्या ५७.५ टक्क्यांहून वेगळे आहोत, असे कोणत्या तोंडाने म्हणणार?