कूळकथेची कसोटी

नागपूरच्या उत्तरेला असलेल्या कोराडीत महालक्ष्मी जगदंबेचे प्रसिद्ध देवस्थान आहे. या देवीविषयी एक वेगळे म्हणणे मांडणारी पुस्तिका नागपूरच्याच एका अभ्यासकाने लिहिली आहे. रामटेक तालुक्यातल्या दुलारा गावी १९४९ साली जन्मलेले डॉ. मोतीरावण कंगाली रिझर्व्ह बँकेत नोकरी करत आणि उरलेला सारा वेळ गोंडी भाषा, धर्म व इतिहास यांना देत. ‘कोराडीगढ़ की तिलका दाई’ हे त्यांच्या हिंदी पुस्तिकेचे नाव, आणि नावातच त्यांचे म्हणणे आले आहे: ही देवी मुळात गोंडांची. हा दावा तपासता येण्याजोगा आहे. पूजेच्या रीती, मानकरी घराणी, परिसरातली जुनी नावे आणि गोंडी गीते यांतून त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध काही हाती लागू शकते. पण कंगाली तेथे थांबले नाहीत. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरची लिपी गोंडीतून वाचता येते, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. तो विद्वानांनी स्वीकारलेला नाही आणि ती लिपी आजही अवाचित आहे. एकाच अभ्यासकाच्या या दोन दाव्यांमध्ये फार मोठे अंतर आहे. कूळकथा कोणत्या टप्प्यावर इतिहास होते आणि कोणत्या टप्प्यावर नुसती इच्छा उरते, हे ठरवायचे कसे? महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर, ‘आम्ही इस्राएलचे वंशज’ या कल्पनेच्या प्रवासात मिळते.

या कल्पनेचे मूळ बायबलात आहे. इसवी सनपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी इस्राएलचे उत्तरेकडचे राज्य जिंकले आणि तेथल्या दहा वंशांच्या लोकांना देशोधडीला लावले. त्या दहा वंशांचे पुढे काय झाले, हे बायबल सांगत नाही. इतिहासातली ही रिकामी जागा पुढे अनेकांनी आपापल्या लोकांनी भरून काढली. अमेरिकेतले मूळनिवासी, पठाण, जपानी अशा अनेकांना कोणी ना कोणी हरवलेल्या वंशांत बसवले. १८४० मध्ये जॉन विल्सन नावाच्या लेखकाने इंग्रजांचेच मूळ इस्राएली ठरवणारे पुस्तक काढले. त्या पंथात ‘सॅक्सन’ हा शब्द ‘आयझॅक्स सन्स’, म्हणजे इसहाकाचे पुत्र, यावरून आला असे सांगितले जाई. दोन भाषांतले दोन शब्द कानाला सारखे लागले की नाते जुळले, ही ती पद्धत. उच्चार काळानुसार नियमाने कसे बदलतात, मधल्या शतकांत तो शब्द कोठे सापडतो, हे प्रश्न तिला पडतच नाहीत. म्हणूनच या पद्धतीने कोणतेही नाते सिद्ध करता येते. आणि जी पद्धत काहीही सिद्ध करू शकते, तिच्या निष्कर्षाला किंमत नसते.

आता कोकणाकडे पाहू. येथल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बाकीच्यांना तेथेच पुरले गेले. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेच्या एका रूपातही समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेते आहेत. परशुरामाने त्यांना जिवंत करून शुद्ध केले. एकच किनारा, तोच समुद्र, तोच चौदाचा आकडा. यावरून, आणि काही घराण्यांतला गोरा वर्ण व घारे डोळे पाहून, चित्पावनही मूळचे यहुदी असावेत असा तर्क लढवला गेला. वरवर पाहता तो मोहक आहे. पण चित्पावनांची गोत्रे चौदा आहेत. तेव्हा कथेतला आकडा गोत्रांवरून आला असण्याची शक्यता आधी विचारात घ्यावी लागते. शब्बाथ (म्हणजे शनिवारचा विश्रामदिन), सुंता, आहाराचे यहुदी नियम यांपैकी कशाचीही खूण या समाजात नाही. आहे ती ऋग्वेद आणि कृष्ण यजुर्वेद यांच्या शाखांची परंपरा. डोळ्यांचा रंग शाखा सांगत नाही आणि देशही सांगत नाही. एकमेकांच्या शेजारी राहणाऱ्या दोन समाजांनी एकमेकांची कथा उचलली असेल, एवढेच या साम्यावरून म्हणता येते.

मग तीच कथा बेने इस्राएलांच्या बाबतीत वजनदार का ठरते? कारण त्यांच्या बाजूने कथा एकटी उभी नाही. कोकणातल्या गावांत ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. हे नाव त्यांनी स्वतःला दिलेले नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले व पर नसलेली मासळी वर्ज्य, ‘शेमा’ ही हिब्रू प्रार्थना मुखोद्गत: हे सारे एकत्र येणे योगायोगाने घडत नाही. आडनावे मात्र दिवेकर, पेणकर, नवगावकर, किहिमकर अशी गावांवरून पडलेली; भाषा मराठी, वेष मराठी. म्हणजे ओळख दाखवण्यासाठी बाहेरून आणलेले काही नाही. जगण्याच्या आत मुरलेले, आजूबाजूच्या समाजावरून ज्याचा उलगडा होत नाही असे काही त्यांच्याजवळ होते. पुरावा म्हणतात तो याला.

तरीही या खऱ्या गाभ्याभोवती तर्काची पुटे चढलीच. १८२९ मध्ये मुंबईत आलेले मिशनरी डॉ. जॉन विल्सन (वर आलेले नव्हेत, त्यांच्याच नावाचे दुसरे) यांनी या समाजाला हिब्रूचे शिक्षण दिले, मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले, आणि ‘बेने इस्राएल’ या नावावरून त्यांचे नाते हरवलेल्या दहा वंशांशी जोडले. समाजातलेच हाईम सॅम्युएल किहिमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या लोकांचा इतिहास लिहून पुरा केला. तो तेल अवीवमध्ये छापला गेला १९३७ साली. त्यांनी आगमनाचा काळ इसवी सनपूर्व १७५ च्या सुमारास नेला. त्यानंतरच्या घटनेवरून सुरू झालेला हनुक्का हा सण समाजाला ठाऊक नव्हता, हा या मताचा एक मोठा आधार. किहिमकरांचे काम अमोल आहे, कारण रीती, घराणी आणि आठवणी त्यांनी नोंदल्या नसत्या तर आज हाती काही उरले नसते. पण हा आधार कच्चा आहे. शतकानुशतके ग्रंथ आणि गुरू नसलेला समाज सण विसरूही शकतो. जे नाही त्यावरून तारीख काढता येत नाही.

बाहेरची साक्ष काय म्हणते? इसवी सन १२०० च्या सुमारास मायमोनिडीस या यहुदी पंडिताने एका पत्रात हिंदुस्थानातल्या यहुद्यांचा उल्लेख केला: शब्बाथ आणि सुंता यांपलीकडे त्यांना धर्मशास्त्र माहीत नाही. हे वर्णन नेमके कोकणातल्या लोकांचे, असे ठामपणे म्हणता येत नाही, पण ते त्यांना चपखल बसते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि भारतीयांचा असा दोन्हींचा ठळक वारसा बेने इस्राएल समाजात आढळला. हा संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा, म्हणजे साधारण ६५० ते १०५० वर्षांपूर्वीचा, असा अंदाज निघाला. म्हणजे परंपरेचा गाभा खरा ठरला, दोन हजार वर्षांच्या तारखेला मात्र त्यातून आधार मिळाला नाही. कूळकथा पूर्ण खरी किंवा पूर्ण खोटी असावी लागत नाही. तिचा कोणता भाग टिकतो, हे पाहण्यासाठीच कसोटी असते.

हीच कसोटी उलट दिशेच्या दाव्यालाही लावली पाहिजे. १९६४ मध्ये भारतीय इतिहास पुनर्लेखन संस्था काढणारे पु. ना. ओक यांनी यहुदी म्हणजे यदुवंशी आणि ख्रिश्चॅनिटी म्हणजे ‘कृष्णनीती’ असे प्रतिपादन केले. तेथे वंशाचा ओघ भारतातून बाहेर वाहतो, येथे बाहेरून आत. पण ‘आयझॅक्स सन्स’ची आणि ‘यदु’ची युक्ती एकच. निष्कर्ष आपल्या अभिमानाला सुखावतो म्हणून पद्धत शुद्ध होत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, विद्यापीठाबाहेरच्या माणसाला प्रस्थापित विद्वान उभेच करत नाहीत. ही तक्रार अनेकदा खरी असते. पण ब्राह्मी लिपी १८३७ मध्ये उलगडणारा जेम्स प्रिन्सेप टांकसाळीतला अधिकारी होता, आणि १९५२ मध्ये ‘लिनिअर बी’ वाचणारा मायकेल व्हेन्ट्रिस वास्तुविशारद. त्यांचे वाचन मान्य झाले, कारण त्यांनी न पाहिलेल्या लेखांनाही ते लागू पडले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्यांचा इतिहास इतरांनी पुसला, त्यांनी उज्ज्वल पूर्वजांचा आधार शोधला तर त्यांना कसोट्या का लावायच्या? त्या वेदनेचा मान राखूनच उत्तर द्यायला हवे. कच्च्या पायावर उभा केलेला सन्मान पहिल्या चौकशीत ढासळतो, आणि त्याबरोबर खरा इतिहासही संशयित ठरतो. गोंडांना सिंधूच्या मुद्रांची गरज नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ मध्ये नागपूर वसवले. कोराडीपासून काही मैलांवर उभे असलेले अख्खे शहर ही त्यांची साक्ष आहे.

आणि पुरावा भक्कम असला, तरी माणसाची प्रतिष्ठा त्याच्यावर टांगून ठेवता कामा नये. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांना तेथील धर्मपीठाने १९६२ मध्ये विवाहासाठी वंशाची चौकशी लावली. शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांच्या नातवंडांना आपले पूर्वज सिद्ध करा असे सांगितले गेले. त्यांनी आंदोलन केले, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्व बाबतींत समान यहुदी असल्याचे जाहीर केले. तो निर्णय कोणत्याही जनुकीय चाचणीच्या कितीतरी आधीचा आहे. इतिहासाला पुरावा मागावा, कठोरपणे मागावा. माणसाला त्याचा हक्क देताना मात्र तो मागू नये.