मुख्याध्यापकाचं वजन

ॲना ज्युलिया कूपर गुलाम आईच्या पोटी जन्मल्या आणि 1902 साली वॉशिंग्टनच्या एम स्ट्रीट हायस्कूलच्या मुख्याध्यापिका झाल्या. कृष्णवर्णीय मुलांना हातकाम शिकवलं की पुरे, असा तेव्हाच्या वरिष्ठांचा खाक्या. बाईंनी लॅटिन सोडलं नाही, आणि त्यांची मुलं हार्वर्डपर्यंत पोचली. मग व्हायचं तेच झालं. 1906 मध्ये त्यांची फेरनेमणूक झाली नाही. चार वर्षांनी त्या त्याच शाळेत लॅटिन शिकवायला परतल्या, साध्या शिक्षिका म्हणून. पुढे साठी उलटल्यावर, 1925 मध्ये, त्यांनी पॅरिसच्या सोरबोनची डॉक्टरेट मिळवली. त्यांचं वजन खुर्चीमुळे असतं, तर ते खुर्चीबरोबरच गेलं असतं.

अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे होते तेव्हा कृष्णवर्णीय मुख्याध्यापकाला अधिकार असा फारसा नसे. पुस्तकं गोऱ्या शाळांनी वापरून टाकलेली, पैशांची कायम चणचण आणि वर गोरा अधीक्षक. तरीही गावात त्याचा शब्द चाले. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅसवेल काउंटीचे एन. एल. डिलार्ड पालकांना शाळेत बोलावून थांबत नसत. चर्चमध्ये, दारोदार जाऊन भेटत. पालकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे 1951 मध्ये नवी इमारत उभी राहिली. जॉर्जियाच्या होरेस टेट यांची तऱ्हा निराळी. अधीक्षकासमोर अदबीनं वागायचं आणि आतून शिक्षक संघटनेमार्फत हक्कांच्या लढ्याला बळ द्यायचं. तुमचा प्रभाव किती, असं कोणी विचारलं असतं तर या माणसांनी बहुधा हात झटकले असते. कबुली दिली की नोकरी गेलीच म्हणून समजा. प्रभाव मोजणाऱ्या आजच्या प्रश्नावल्यांत मावणारी ही गोष्ट नव्हे.

शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा 1954 चा ब्राउन खटल्याचा निकाल न्याय्यच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण अंमलबजावणी गोऱ्या शिक्षण मंडळांच्या हाती राहिली. दोन शाळा एक झाल्या की मुख्याध्यापक एकच लागतो, आणि टाळं लागे ते कृष्णवर्णीयांच्या शाळेला. 1965 पर्यंत 17 राज्यांत 38 हजारांहून अधिक कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असा अंदाज आहे. जे टिकले त्यांतल्या काहींना सहायक करून शिस्त आणि बसगाड्या बघायला बसवलं.

'शिस्त लावणारा' हा शिक्का मग चिकटूनच राहिला. 1988 मध्ये 'टाइम'च्या मुखपृष्ठावर न्यू जर्सीचे कृष्णवर्णीय मुख्याध्यापक जो क्लार्क झळकले, हातात बेसबॉलची बॅट घेऊन. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. मला ते चित्र खटकतं. हाताबाहेर गेलेली शाळा कृष्णवर्णीय माणसाच्या गळ्यात घालायची, दांडगाईचं कौतुक करायचं, आणि अभ्यासक्रम व पैसा दुसऱ्यांनी ठरवायचा, यात जबाबदारी तेवढी त्याची. डिलार्ड यांच्या पाठीशी निदान अख्खा गाव होता.

आणि संख्येचं म्हणाल तर, 2020-21 मध्ये अमेरिकेच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय विद्यार्थी सुमारे 15 टक्के होते, कृष्णवर्णीय मुख्याध्यापक जेमतेम 10 टक्के.