शरीराची शिस्त आणि लेखकाची आत्मनिष्ठा

लेखकाच्या शरीराविषयी साहित्यसमीक्षा सहसा बोलत नाही. बोललीच, तर ते शरीर आजारी, व्यसनाधीन किंवा अकाली संपलेले असते. क्षयाने झिजलेला कवी, मद्यात बुडालेला कादंबरीकार ह्या प्रतिमांमागे एक नैतिक गृहीत दडलेले आहे : ज्याने स्वतःला जाळून घेतले त्याचेच लेखन खरे. लेखनाच्या सत्यतेसाठी लेखकाचा नाश जणू तारण म्हणून मागितला जातो. जपानी साहित्यात ‘मी-कादंबरी’च्या परंपरेने ह्या गृहीताला विशेष बळ दिले, १९४८ मध्ये आत्महत्या करणारा ओसामू दझाई हे त्याचे ठळक उदाहरण होय. ह्या परंपरेच्या पार्श्वभूमीवर हारुकी मुराकामी ह्या कादंबरीकाराचे दीर्घ पल्ल्याचे धावणे हा केवळ चरित्रातला तपशील राहत नाही. ती एक भूमिका ठरते, आणि भूमिका म्हणूनच तिची तपासणी व्हायला हवी.

मुराकामीचा जन्म १९४९ चा. टोकिओत जॅझ बार चालवत असताना, १९७९ मध्ये, त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढे बार विकून तो पूर्णवेळ लेखक झाला आणि १९८२ मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, धावू लागला. कारण अगदी व्यावहारिक होते. बैठ्या कामाने वजन वाढत होते. दिवसाला साठेक सिगारेटी ओढल्या जात होत्या. सिगारेट सुटली, धावणे मात्र टिकले : आठवड्यातून सहा दिवस, दररोज सुमारे १० किलोमीटर. धावण्याविषयीच्या २००७ मधील आठवणींच्या पुस्तकात त्याने कादंबरीकाराला लागणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत : प्रतिभा, एकाग्रता आणि टिकून राहण्याची ताकद. पहिली मिळालेली असते किंवा नसते. उरलेल्या दोन सरावाने कमावता येतात. ह्याहून महत्त्वाचा आहे तो त्याचा दुसरा मुद्दा. कादंबरी लिहिताना माणसाच्या तळाशी असलेले विष वर येते, हे तो नाकारत नाही. मात्र ते वर्षानुवर्षे हाताळायचे असेल तर हाताळणारा सुदृढ हवा, असे तो मानतो. म्हणजे अंधाराविषयीचा जुना सिद्धांत तो स्वीकारतो. त्यातून निघणारा आत्मनाशाचा निष्कर्ष तेवढा उलटवतो.

येथे एक आक्षेप संभवतो. पायांच्या स्नायूंमुळे वाक्य प्रामाणिक होत नाही. गवयाचा रियाज आणि त्याचे गाणे ह्यांचे माध्यम एकच, स्वर, असते. धावणे आणि लिहिणे ह्यांचे माध्यम एक नाही; मग एकाची कमाई दुसऱ्यात कशी जाणार? आक्षेप योग्य आहे. कौशल्य म्हणून काहीच जात नाही. जाते ती स्वतःशी वागण्याची एक रीत. लिहिताना थकवा अलंकारांनी झाकता येतो, अनुभवाची उणीव शैलीने भरून काढता येते. पस्तिसाव्या किलोमीटरला अशी सोय नसते. तेथे अंतर शब्दांनी कमी होत नाही. मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ मध्ये लेखकाच्या आत्मनिष्ठेला जे स्थान दिले, त्याच्याशी ह्या सवयीचे नाते जोडता येईल. फरक एवढाच, की आत्मनिष्ठा हा तेथे वाङ्मयीन मूल्यविचाराचा भाग आहे, तर येथे तिची पूर्वतयारी एका वेगळ्याच, निःशब्द क्षेत्रात होते आहे.

परंतु शिस्त स्वतः नैतिकदृष्ट्या आंधळी असते. ॲलन सिलिटोच्या ‘द लोनलिनेस ऑफ द लाँग-डिस्टन्स रनर’ (१९५९) ह्या कथेचा तोच गाभा आहे. चोरीसाठी सुधारगृहात आलेल्या स्मिथला गव्हर्नर पहाटे एकट्याने धावण्याची मुभा देतो, कारण त्याला संस्थेसाठी चषक हवा आहे. स्मिथ धावता धावता विचार करू लागतो आणि शर्यतीच्या दिवशी, जिंकता येत असूनही, शेवटच्या रेषेआधी रेंगाळून हरतो. त्याची ताकद त्याने कमावलेली आहे. तिचे फळ दुसऱ्याने आधीच आपल्या नावे लावले आहे. हरणे हाच ती परत घेण्याचा त्याच्यापाशी असलेला एकमेव मार्ग ठरतो. ही कथा स्मिथने स्वतः लिहिलेली आहे, अशी तिची रचना आहे, हेही विसरून चालणार नाही. धावपटू येथे लेखक होतो तो नकारातून.

मुराकामीला हाच प्रश्न अधिक भयंकर रूपात भेटला. २० मार्च १९९५ रोजी ओम शिन्रिक्यो पंथाच्या अनुयायांनी टोकिओच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला. १९९६ हे वर्ष मुराकामीने त्यातून वाचलेल्यांच्या आणि मृतांच्या नातेवाइकांच्या, अशा सुमारे साठ जणांच्या, मुलाखती घेण्यात घालवले. त्यातून १९९७ मध्ये ‘अंडरग्राउंड’ हा ग्रंथ झाला. नंतर तो पंथाच्या आजी-माजी अनुयायांशीही बोलला. ह्या अनुयायांपाशी शिस्तीची वाण नव्हती. उपास, प्राणायाम, जागरणे, शरीराला मर्यादेपलीकडे नेणारी साधना हे सारे होते. मुराकामीचे निरीक्षण असे, की त्यांनी आपले ‘मी’पण आणि आपली कहाणी गुरूच्या स्वाधीन केली होती. कष्ट त्यांचे होते. कष्टांचा अर्थ लावण्याचा अधिकार त्यांनी सोडून दिला होता.

त्याच १९९६ मध्ये मुराकामीने होक्काइदोतील सारोमा सरोवराकाठची १०० किलोमीटरची शर्यत ११ तास ४२ मिनिटांत पूर्ण केली. शेवटचे टप्पे त्याने आपण माणूस नसून यंत्र आहोत, असे स्वतःला बजावत पार पाडले. ती धाव संपल्यावर धावण्याची ओढच बराच काळ मंदावली, हेही त्याने नोंदवले आहे. म्हणजे स्वतः निवडलेल्या, गुरूविना आचरलेल्या शिस्तीतही ‘मी’ पुसून टाकण्याची ओढ असतेच. येथे आदेश देणारा आणि पाळणारा एकच असतो, म्हणून धोका टळत नाही. मात्र पाळणाऱ्याला थांबण्याचा, आणि झाल्या गोष्टीबद्दल खरे बोलण्याचा अधिकार उरतो. युकिओ मिशिमाने व्यायामाने घडवलेले शरीर १९७० मध्ये राजकीय नाट्याच्या आणि मरणाच्या स्वाधीन केले. त्याच्या शिस्तीला परतीची वाट नव्हती.

तेव्हा लेखकाने धावावे की नाही, हा प्रश्न गौण ठरतो. सिलिटो स्वतः लेखक झाला तो क्षयामुळे वर्षाहून अधिक काळ रुग्णालयात पडून असताना. टिकून राहणे खाटेवरही शिकता येते, आणि रोजचा मोकळा तास ही सर्वांना परवडणारी गोष्ट नव्हे, हे मुराकामीच्या चाहत्यांनी ध्यानात ठेवायला हवे. कसोटी वेगळ्या ठिकाणी लावावी लागते. कमावलेली ताकद लेखक कशासाठी वापरतो? साठ अनोळखी माणसांचे दुःख, त्यांच्या शब्दांना आपल्या शैलीत न विरघळवता, वर्षभर ऐकत राहणे हे मुराकामीच्या धावण्याचे कदाचित सर्वांत नैतिक फलित होय. त्याच्या कादंबऱ्यांचे वाङ्मयीन मूल्य काहीही ठरो, तेवढ्यापुरती त्याची भूमिका सिद्ध झाली आहे.