मातीला आलात, आता कोर्टातही या

गावात मयत झालं की त्या घरची चूल पेटत नाही. मग शेजारून न सांगता पिठलं येतं, फडक्यात बांधलेल्या भाकरी येतात. कुणीतरी आईच्या तोंडाशी घास नेतं, ती तोंड फिरवते. तरणं पोर गेलेलं असेल तर ताटातलं पिठलं तसंच थिजून जातं. लहानपणापासून हे बघत आलो आणि यालाच माणुसकी म्हणत आलो. आजही म्हणतो. पण ही भाकरी गावातल्या कुठल्या वस्तीपर्यंत जाते आणि कुठे थांबते, हे बघायला मला फार वर्षं लागली.

ते दाखवणारी दोन प्रकरणं सांगतो. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले जामखेड आणि कर्जत हे शेजारशेजारचे तालुके. जामखेडमधल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांचा एक दलित विद्यार्थी मारला गेला. सवर्ण मुलीशी बोलतो या रागातून त्याला मारहाण करून झाडाला लटकवलं, असा सरकारपक्षाचा आरोप होता. कर्जतमधल्या कोपर्डीत १३ जुलै २०१६ रोजी मराठा समाजातल्या एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. दोन्ही खटले नगरच्या न्यायालयात चालले. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी खर्ड्याचे आरोपी निर्दोष सुटले. सहाच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, कोपर्डीच्या तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली.

कोपर्डीसाठी लाखो माणसं रस्त्यावर आली, मूक चालली. त्या दुःखात खोट नव्हती. पुढे त्यात आरक्षणाची आणि अॅट्रॉसिटी कायदा बदलण्याची मागणी मिसळली. त्यातल्या दुसऱ्या मागणीशी माझा उभा दावा आहे. पण त्या लेकीसाठी गाव उभं राहिलं, साक्षी टिकल्या, हे योग्यच झालं. माझा प्रश्न खर्ड्याचा आहे. तिथे एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. दिवसाढवळ्या, गजबजलेल्या गावात पोराला मारलं, आणि न्यायालयात कुणी काही पाहिलेलं नव्हतं.

साक्षीदार का फिरतो, हे गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मजुरी आरोपीच्या भावकीच्याच शेतात, उसनवारी त्यांच्याकडेच, शेताला जायची वाट त्यांच्याच बांधावरून. पोलिसाला पहिल्या दिवशी खरं सांगितलेला माणूस तीन वर्षांत झिजत जातो. त्याला मी भित्रा म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षणाची योजना देशभर लागू केली. पण गावातल्या कितीजणांना ती ठाऊक आहे? कागदावरच्या संरक्षणाने बांधावरची वाट मोकळी होत नाही. ती मोकळी ठेवायची तर ज्यांचा बांध आहे त्यांनीच पुढे यायला हवं.

म्हणून माझं बोलणं त्या मजुराशी नाहीच. ते आमच्याशी आहे, ज्यांना गावात कुणी नडू शकत नाही त्यांच्याशी. पाहिलेलं सांगण्याची पहिली जबाबदारी आमची. आरोपी भावकीतला असला तरी, किंबहुना भावकीतला असला म्हणूनच. भावकीचं सुतक आपण दहा दिवस पाळतो, दाढी करत नाही, गोडधोड टाळतो. आणि भावकीतल्याच कुणाच्या हातून दुसऱ्याचं पोर गेलं की आपल्याला कसलंच सुतक लागत नाही! उलट त्या रात्री बैठक बसते ती वकील कोणता द्यायचा, हे ठरवायला.

माझ्या गावातल्या शिक्षकांना, सरपंचांना, दूध डेअरीवर रोज भेटणाऱ्या मित्रांना मी एवढंच मागतो. अशा खटल्याच्या पुढच्या तारखेला गेलेल्या पोराचा बाप सकाळच्या एस.टी.ने एकटाच तालुक्याला निघेल. हातात कापडी पिशवी, पिशवीत कागद आणि भाकरी. त्याच्या शेजारची सीट रिकामी असेल, तिथे जाऊन बसा.