जीर्णोद्धार आणि सचोटी

जीर्ण वस्तूचा उद्धार करणे हे सत्कर्म होय, याविषयी सर्वांचे एकमत आहे. परंतु उद्धार कशाचा करावयाचा, वस्तूच्या रूपाचा की तिच्या गुणाचा? आणि जेथे कोणाचीही दृष्टी पोहोचणार नाही, तेथे केलेल्या कामाचे उत्तरदायित्व कर्त्यावर कितपत असते? या प्रश्नांचा विचार एका लौकिक उदाहरणाने सुलभ होईल.

अमेरिकेतील फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात ‘मॉडेल टी’ नावाच्या सुमारे दीड कोटी मोटारी बांधल्या. त्यांतील काही आजही संग्राहकांनी चालत्या ठेवल्या आहेत. या गाडीच्या चार सिलिंडरांसाठी चार लहान लाकडी पेट्या असतात. प्रत्येक पेटीत लोखंडी तारांच्या गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात, एक जाड तारेचे व दुसरे केसासारख्या बारीक तारेचे. शेजारी कागद व धातूच्या पत्र्याचा कंडेन्सर असतो आणि सभोवार डांबर ओतलेले असते. वरच्या बाजूस दोन स्पर्शबिंदू कंप पावत वीजप्रवाह वारंवार तोडतात. तो तुटताच बारीक वेटोळ्यात उच्च दाब उत्पन्न होऊन ठिणगी पडते व इंधन पेटते.

कोरडे लाकूड विजेला अडविते, म्हणून पेटी लाकडाची. पण कालांतराने सांधे सैल होतात, ओल शिरते. मग तेच लाकूड विजेला चोरवाट देऊ लागते. कंडेन्सरही आतून कुजतो, स्पर्शबिंदू जळतात, ठिणगी दुर्बळ होते. अशी पेटी दुरुस्त करताना कारागिराला दोन मार्ग दिसतात. लाकूड घासून त्यावर रोगण चढविणे, हा पहिला. दुसरा कष्टाचा आहे. पेटीची एक बाजू सरकवून काढावयाची, बारीक तार न तुटेल अशा बेताने डांबर कोरावयाचे, नवा कंडेन्सर जोडावयाचा, पुन्हा डांबर ओतावयाचे आणि सांधे सरसाने बसवावयाचे. यातील बहुतेक श्रम झाकण लागताच दृष्टिआड होतात.

येथे कोणी म्हणेल, पेटी गुणगुणते आहे ना, मग एवढा खटाटोप कशासाठी? परंतु गुणगुणणारी पेटीही सदोष असू शकते. म्हणूनच जाणता कारागीर केवळ कानावर विसंबत नाही. तो हाताने फिरविण्याच्या परीक्षणयंत्रावर प्रवाह सुमारे १.३ अँपिअर भरतो की नाही आणि ठिणग्या एकसारख्या पडतात की नाही, हे पाहतो. माणसाच्या आचरणाचेही असेच आहे. बाह्य गजबज ही अंतःशुद्धीची साक्ष नव्हे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. आतील भाग बदलल्यावर वस्तू मूळची राहिली कोठे? काही जण तर जुन्या पेटीत आधुनिक इलेक्ट्रॉनिक रचनाच बसवितात. त्याचे उत्तर असे की, बदल हा स्वतः दोष नव्हे. जो भाग नासल्यामुळे वस्तूचा धर्मच लोपला, तो बदलणे हीच तिची सेवा होय. कुजका कंडेन्सर केवळ जुना म्हणून जपणे हा मोह आहे. दोष आहे तो लपविण्यात. काय मूळचे राखले व काय नवे घातले हे पुढील धन्याला स्पष्ट सांगितले, तर इलेक्ट्रॉनिक रचनेतही कपट नाही. न सांगता ‘अस्सल जुनी’ म्हणून मोल घेतले, तर मात्र ती चोरीच ठरते, मग गाडी कितीही उत्तम धावो.

गृहस्थाच्या हातीही वडिलोपार्जित घर, व्यवसाय, कुळाचार अशा अनेक पेट्या आलेल्या असतात. त्यांवर रोगण चढवून मिरविणे सोपे आहे. आत काय कुजले आहे ते शोधावे, सुदृढ असेल त्याला धक्का लावू नये, नासलेले निःशंकपणे बदलावे आणि पुढच्या पिढीला ते खरेखरे सांगावे. झाकणाखालचे काम जो उघड्यावरच्या कामाइतक्याच निष्ठेने करतो, त्यानेच जीर्णोद्धार केला असे म्हणावे.