हात कुठून आणायचे?

मध्यंतरी एका दिवाळी अंकात एका व्यवस्थापनतज्ज्ञांचा लेख वाचला. मोडकळीला आलेली संस्था पुन्हा कशी उभी करावी, हे सांगताना त्यांनी बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा कित्ता गिरवायचा सल्ला दिला होता. सूत्र त्यांचं स्वतःचं नव्हतं. अमेरिकेत ते बरीच वर्षं फिरतंय: बॅट घरी पिकवा, हात बाजारातून आणा. म्हणजे ड्राफ्टमधल्या, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या, पहिल्या निवडी फटकेबाजांवर खर्च करा आणि पिचर लागतील तेव्हा पैसे मोजून किंवा अदलाबदल करून मिळवा. लेखाच्या शेवटी हेच सूत्र त्यांनी सहकारी साखर कारखान्यांनाही लावलं होतं. त्याबद्दल मी बोलत नाही, कारखान्यांना आधीच पुष्कळ व्याधी आहेत. पण बेसबॉलच्या बाबतीत त्यांनी अर्धी गोष्ट सांगितली, आणि उरलेली अर्धी बाल्टिमोरनेही ऐकलेली दिसत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोसमात 162 सामने असतात. पाच स्टार्टिंग पिचर आळीपाळीने सामन्याची सुरुवात करतात, शंभरएक चेंडू टाकतात आणि मग चार-पाच दिवस विश्रांती घेतात. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला षटक संपलं की दम खाता येतो, दुसऱ्या टोकाला जोडीदार असतो. इथे दुसरं टोकच नाही. त्यामुळे ज्या दिवशी संघाचा एक्का मैदानावर असतो, त्या दिवशी सामना जवळपास त्याच्या एकट्याच्या हातात असतो. ऑक्टोबरच्या बाद फेरीत तर सात सामन्यांच्या मालिकेत तोच दोन-तीनदा उतरतो, आणि त्याची किंमत दुप्पट होते.

पुनर्बांधणी म्हणजे, सभ्य शब्द बाजूला ठेवले तर, ठरवून हरणं. जुने महागडे खेळाडू विकायचे, तळाला जायचं, ड्राफ्टमध्ये वरच्या निवडी मिळवायच्या. तिथून आलेला मुलगा मोठ्या लीगमध्ये पोचला की साधारण सहा वर्षं तुमचाच असतो, आणि त्यातली पहिली काही वर्षं तर किमान पगारावर. ही किमान रक्कम 2025 मध्ये 7 लाख 60 हजार डॉलर होती. बाजारातल्या एक्क्याला वर्षाला तीन-चार कोटी डॉलर पडतात. सगळा खेळ या फरकावर चालतो. बाल्टिमोर 2018 मध्ये 115 सामने हरलं, 2019 मध्ये 108 आणि 2021 मध्ये 110. संघाची सूत्रं 2018 च्या अखेरीस माइक इलायस यांच्याकडे आली. 2019 ते 2025 या सात ड्राफ्टमध्ये त्यांची पहिली निवड एकदाही पिचर नव्हती. रचमन, कर्स्टाड, काउसर, हॉलिडे, सगळे बॅटवाले. 2023 मध्ये संघाने 101 सामने जिंकले, तेव्हा सूत्राचा जयजयकार झाला. बाद फेरीत टेक्सासने त्यांना सलग तीन सामन्यांत उडवलं, तेव्हा जयजयकार करणारे म्हणाले, पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी खरंच एक हात विकत आला. फेब्रुवारी 2024 मध्ये मिलवॉकीकडून कॉर्बिन बर्न्स. करारातलं शेवटचं एक वर्ष उरलेला माणूस. मोसम संपताच तो ॲरिझोनाला गेला, सहा वर्षं आणि 21 कोटी डॉलर. त्याच्या जागी बाल्टिमोरने आणले 41 वर्षांचे चार्ली मॉर्टन आणि जपानमधून 35 वर्षांचे तोमोयुकी सुगानो, दोघेही एकेका वर्षासाठी. मे महिन्यात मॅनेजरला घरी पाठवलं, आणि 2025 चा मोसम 75 विजय, 87 पराभव अशा हिशेबाने गटाच्या तळाशी संपला. बाजारातून हात आणायचे ठरले होते. प्रत्यक्षात भाड्याने आले.

इथवर मला सोपं उत्तर सुचत होतं: मग ड्राफ्टमध्येच पिचर घ्या की! पिट्सबर्गने 2023 मध्ये पहिल्या क्रमांकावर पॉल स्कीन्सला घेतलं, मे 2024 मध्ये तो मोठ्या लीगमध्ये उतरला आणि 2025 मध्ये त्याने 1.97 ईआरएने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला. ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा. तीनच्या खाली असला की लोक टोपी काढतात. पण त्याच मोसमात स्कीन्सच्या नावावर विजय दहा आणि पराभवही दहाच, कारण त्याच्यासाठी धावा काढायला कुणी नव्हतं. पिट्सबर्ग शेवटच्या क्रमांकावर राहिलं.

शिवाय स्कीन्स हा अपवाद आहे. ह्यूस्टनची गोष्ट बघा. ह्यूस्टनने 2013 मध्ये पहिल्या क्रमांकावर मार्क अपेल हा पिचर घेतला. लगेच दुसऱ्या क्रमांकावर शिकागो कब्जने क्रिस ब्रायंट हा फटकेबाज उचलला. ब्रायंट तीन वर्षांत लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अपेल ह्यूस्टनकडून एकही सामना खेळला नाही, मधे त्याने खेळच सोडला आणि तिशीत, 2022 मध्ये, फिलाडेल्फियाकडून पहिल्यांदा मोठ्या मैदानावर आला. 2014 मध्ये ह्यूस्टनने पुन्हा पिचरच घेतला, ब्रेडी एकेन. त्याच्या कोपराच्या तपासणीत खोट दिसली, करार फिसकटला. भरपाई म्हणून पुढच्या वर्षी मिळालेल्या निवडीवर त्यांनी ॲलेक्स ब्रेगमन हा फटकेबाज घेतला आणि त्याच्या जोरावर विश्वविजेतेपदं मिळवली. त्या काळात ह्यूस्टनच्या ड्राफ्टची जबाबदारी कोणाकडे होती? माइक इलायस यांच्याकडे. दुधाने तोंड पोळलेला माणूस बाल्टिमोरला जाऊन ताक फुंकत बसला, यात नवल नाही.

आणि हे दूध जुनं आहे. 1990 मध्ये अटलांटाला पहिल्या क्रमांकावर टॉड व्हॅन पॉपेल हा शाळकरी पिचर हवा होता. तो आपल्याकडे येणार नाही असं दिसल्यावर त्यांनी चिपर जोन्सला घेतलं. जोन्स हॉल ऑफ फेममध्ये पोचला, व्हॅन पॉपेलच्या नावावर अखेर 40 विजय आणि 52 पराभव उरले. न्यूयॉर्क मेट्सने नव्वदच्या दशकात तीन तरुण पिचरांना एका पिढीचं नाव देऊन टाकलं. तिघेही दुखापतींनी घेरले गेले. वरच्या वेगाने चेंडू फेकणं ही मानवी कोपराच्या मूळ आराखड्यातली गोष्ट नाही. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुरज्जू बसवला. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते, आणि परतायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

वेग म्हणजेच पिचर, या समजुतीपायी पिट्सबर्गने एकदा भारतातही हात घातला होता. 2008 मध्ये एका स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि त्यांना करार मिळाला. सिनेमा निघाला. मोठ्या लीगमध्ये दोघांपैकी कुणीच पोचलं नाही.

तेव्हा तज्ज्ञांच्या सूत्राचा पहिला अर्धा भाग मी मुकाट्याने मान्य करतो. वरची निवड मौल्यवान असते आणि फटकेबाजाचा भरवसा पिचरपेक्षा जास्त. भांडण दुसऱ्या अर्ध्यावर आहे. बाजार म्हणजे नेमका कुठला बाजार?

यासाठी मला शिकागोच्या एका व्यवहाराकडे जायचं आहे. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला तो सगळ्यात शिकण्यासारखा व्यवहार आहे, आणि गंमत म्हणजे त्यात फसलेला पक्ष बाल्टिमोरच आहे. 2012 मध्ये 101 सामने हरलेलं शिकागो तेव्हा थिओ एपस्टीन यांच्या हाताखाली पुनर्बांधणीत होतं. त्यांनी स्कॉट फेल्डमन नावाचा एक बेताचा, अनुभवी पिचर एका वर्षासाठी घेतला होता. जुलै 2013 मध्ये बाल्टिमोर बाद फेरीच्या आशेवर होतं आणि त्याला असाच बेताचा पिचर हवा होता. शिकागोने फेल्डमन आणि एक राखीव कॅचर दिला, बदल्यात मागितले पेद्रो स्ट्रोप आणि जेक ॲरिएटा.

ॲरिएटा तेव्हा 27 वर्षांचा होता. बाल्टिमोरकडून खेळताना त्याचा एकूण ईआरए 5.46, आणि त्या वर्षी तर सातच्याही वर. हातात बळ होतं, चेंडू वळत होता, पण बाल्टिमोरच्या प्रशिक्षकांना त्याची अंग आडवं नेऊन फेकण्याची ढब पसंत नव्हती. ती सरळ करण्यात त्याची वर्षं गेली. आपल्या शास्त्रीय संगीतातही असे गुरू भेटतात, ज्यांना शिष्याचा गळा आपल्या घराण्याच्या साच्यात बसवल्याशिवाय चैन पडत नाही. शिकागोने त्याला त्याच्या पद्धतीने फेकू दिलं. 2015 मध्ये त्याने 22 सामने जिंकले, ईआरए 1.77, साय यंग पुरस्कार. मोसमाच्या उत्तरार्धात त्याचा ईआरए 0.75 होता, हा आकडा मी पुन्हा तपासून लिहितो आहे. 2016 च्या अंतिम मालिकेतला दुसरा आणि सहावा, हे दोन्ही सामनेही त्यानेच जिंकून दिले. सातव्या सामन्याची सुरुवात केली काइल हेंड्रिक्सने, तोही 2012 मध्ये टेक्सासला रायन डेम्प्स्टर हा अनुभवी पिचर विकून मिळवलेला. शिकागोने 108 वर्षांनी विश्वविजेतेपद जिंकलं. फेल्डमनने बाल्टिमोरला अर्धा मोसम दिला आणि निघून गेला. बाल्टिमोर त्या वर्षी बाद फेरीत पोचलंही नाही.

इथे कुणी म्हणेल, नशीब. तसं असतं तर ते वारंवार एकाच प्रकारच्या दारात उभं राहिलं नसतं. अटलांटाने ऑगस्ट 1987 मध्ये डॉइल अलेक्झांडर हा 36 वर्षांचा पिचर डेट्रॉइटला दिला. अलेक्झांडर तिथे नऊ सामने जिंकला, एकही हरला नाही, डेट्रॉइट खूश. बदल्यात अटलांटाला मिळालेला पोरगा जॉन स्मोल्ट्झ होता, पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पिचर. मायामीने 2017 च्या हिवाळ्यात मार्सेल ओझुना हा फटकेबाज सेंट लुइसला दिला आणि एकाच व्यवहारात सँडी अल्कांतारा आणि झॅक गॅलन असे दोन पिचर मिळवले. हरणाऱ्या संघाकडे जिंकणाऱ्या संघाला नसलेली एक चीज असते: वेळ. जिंकणाऱ्याला ॲरिएटाचे सात-सात धावांचे सामने परवडत नाहीत. हरणाऱ्याला परवडतात. त्याने ते विकत घ्यावेत, एक नव्हे, आठ-दहा जणांचे. त्यातले सहा वाया जातील.

ड्राफ्टचंही तसंच. डेट्रॉइटने 2018 मध्ये पहिल्या क्रमांकावर केसी माइझ घेतला आणि त्याच ड्राफ्टच्या नवव्या फेरीत, 255 व्या क्रमांकावर, तारिक स्कूबल. स्कूबलच्या कोपरावर कॉलेजातच शस्त्रक्रिया झालेली, म्हणून तो इतका खाली सरकला. 2024 चा साय यंग एकमताने त्याला मिळाला. ह्यूस्टनने फ्रॅम्बर वाल्डेझला अवघ्या दहा हजार डॉलरवर घेतलं. तुटलेला, दुर्लक्षित किंवा चुकीच्या हाती पडलेला माल ओळखणं आणि तो दुरुस्त करणारा कारागीर पदरी ठेवणं, हा तो बाजार. ‘मनीबॉल’ या पुस्तकाने ओकलंडचं कौतुक करताना नेमकं हेच झाकलं. चालून पहिल्या बेसवर जाणाऱ्या फलंदाजांवर पानंच्या पानं, आणि हडसन, मल्डर, झिटो या संघाच्या तीन स्टार्टरांना, ज्यांच्यामुळे सामने प्रत्यक्ष जिंकले जात होते, जेमतेम जागा. हडसन सहाव्या फेरीतला होता. व्यवस्थापनाच्या वर्गात हे पुस्तक अजून लावतात.

आता ऑक्टोबर 2024. बाद फेरीची पहिली मालिका, बाल्टिमोरच्या घरच्या मैदानावर, समोर कॅन्सस सिटी. आदल्या वर्षी 106 सामने हरलेला हा संघ. कॅन्ससने ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकाचे पिचर भरभरून घेतले होते. 2018 मध्ये तर ओळीने, 2020 मध्ये चौथ्या क्रमांकावर एसा लेसी. बहुतेकांनी निराशा केली. पहिल्या सामन्यात मात्र उतरला कोल रेगन्स. टॉमी जॉन शस्त्रक्रिया दोनदा झालेला, टेक्सासने जून 2023 मध्ये एका वयस्क रिलीव्हरच्या, म्हणजे स्टार्टरनंतर उतरणाऱ्या पिचरच्या, बदल्यात सोडून दिलेला. बाल्टिमोरकडून बर्न्स. बर्न्सने आठ इनिंगमध्ये एकच धाव दिली आणि सामना 0-1 असा हरला. दुसऱ्या सामन्यात कॅन्ससने उतरवला सेथ लुगो, 34 व्या फेरीत निवडला गेलेला, आयुष्याची बरीच वर्षं रिलीव्हर म्हणून काढलेला, तीन वर्षांसाठी साडेचार कोटी डॉलरवर आणलेला. निकाल 1-2. दोन सामन्यांत घरी पिकवलेल्या बॅटनी मिळून एक धाव काढली. विकत आणलेल्या हाताने आपलं काम चोख केलं होतं. म्हणजे बाल्टिमोरचं दुखणं हातांपुरतंही नाही. सूत्र पाठ करणाऱ्या संस्थेला पिकाची हमी गृहीत धरायची सवय लागते.

तरीही शेवटचा टप्पा उरतोच, आणि तिथे पैसा सोडावा लागतो. संघ उभा राहिला, खिडकी उघडली की एक पूर्ण किमतीचा एक्का घ्यावा, आणि तो एका वर्षाच्या भाड्यावर नको. शिकागोने डिसेंबर 2014 मध्ये जॉन लेस्टरला सहा वर्षांसाठी 15 कोटी 50 लाख डॉलर दिले. ह्यूस्टनने 31 ऑगस्ट 2017 च्या मध्यरात्री, मुदत संपायला काही क्षण उरलेले असताना, जस्टिन व्हर्लँडर मिळवला, आणि त्याच मोसमात अंतिम मालिका जिंकली. तज्ज्ञ म्हणतील, बर्न्सच्या कोपरावर जून 2025 मध्ये शस्त्रक्रिया झालीच ना, बाल्टिमोर वाचलं. वाचलं खरं. जेकब डीग्रॉम या पिचरवर टेक्सासने साडेअठरा कोटी लावले, 2023 मध्ये तो सहा सामने सुरू करून शस्त्रक्रियेला गेला, आणि टेक्सासने त्याच वर्षी विश्वविजेतेपद जिंकलं, कारण त्यांनी नेथन इओवाल्डीलाही घेतलं होतं आणि मोसमाच्या मध्यावर आणखी दोन स्टार्टर आणले होते. मोडण्याची शक्यता किमतीत धरून जास्त घ्यावं लागतं. ज्याला हे परवडत नाही त्याने पाच-पाच वर्षं हरून प्रेक्षकांचे तिकिटाचे पैसे घेऊ नयेत.

बाल्टिमोरने 2025 च्या हिवाळ्यात अखेर तिजोरी उघडली. टँपाकडून शेन बाझ हा पिचर आणला, तोही एकदा कोपर दुरुस्त झालेला, त्याच्यासाठी बरेच होतकरू खेळाडू मोजून. त्याआधी ड्राफ्टमधून आलेला आपला ग्रेसन रॉड्रिगेझ हा पिचर त्यांनी टेलर वॉर्ड या आउटफिल्डरच्या बदल्यात लॉस एंजेलिसला देऊन टाकला होता. आणि सगळ्यात मोठा करार केला पीट अलोन्सो या फटकेबाजाशी: पाच वर्षं, 15 कोटी 50 लाख डॉलर. लेस्टरची रक्कम, एका वर्षाने कमी, बॅटसाठी.