दानाला ओळख लागते

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे वर्णन करताना परतफेडीची अपेक्षा नसावी एवढेच म्हटलेले नाही. जागा, वेळ आणि माणूस पाहून द्यावे, असेही बजावले आहे. अपेक्षा सोडणे एकट्याला जमते. पुढच्या तीन गोष्टींसाठी मात्र माहिती लागते आणि ती लांबून मिळत नाही. धर्मादाय संस्था लहान असाव्यात की मोठ्या, हा वाद आपल्याकडे खर्च आणि हिशेबावरच अडतो. घेणाऱ्याला ओळखतो कोण, हे कुणी विचारत नाही.

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उभा राहिला. भूकंपात तेव्हाच्या उमरगा तालुक्यातले सास्तूर जमीनदोस्त झाले. लातूर-धाराशिव मिळून ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली, त्यांतली कित्येक मोठ्या देणगीदार संस्थांनी बांधून दिली. घरे पक्की होती, पण काटकोनात आखलेल्या रुंद रस्त्यांमध्ये जुनी गल्ली, शेजार, जनावरांची जागा बसेना. दुसरीकडे, जी गावे हलली नाहीत तिथे सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती झाली. पैसा मुख्यतः जागतिक बँकेच्या कर्जाचा, म्हणजे याहून मोठी संस्था शोधून सापडणार नाही. काम मात्र घरमालकाने करायचे, हप्ते त्याच्या हाती. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून सरकार आणि घर यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. थैली मोठी असायला हरकत नाही, निर्णय उंबरठ्याजवळ हवा, असे मला वाटते ते यावरूनच.

यावर खरा आक्षेप जातीचा आहे. गावातले मंडळ ‘आपल्या’ माणसांना ओळखते. दलित वस्ती आणि भूमिहीन विधवा त्याच्या ओळखीत येतीलच असे नाही. लांबची संस्था निदान सगळ्यांना सारखी परकी. आक्षेप वजनदार आहे, पण लांबचा नियम आपोआप न्यायी नसतो. स्थलांतरित गावांत भूमिहीनाला २५० चौरस फुटांचे घर आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्याला ७५० चौरस फुटांचे, हे कोण्या पाटलाने ठरवले नव्हते, सरकारी योजनेत लिहिले होते. अर्थात लिहिले होते म्हणूनच आज त्यावर बोट ठेवता येते. गावातला पक्षपात कागदावर येत नाही. त्यामुळे छोट्या गटाला वरून पैशाबरोबर उघडा हिशेब आणि यादीचे जाहीर वाचनही सक्तीने मिळाले पाहिजे. ते नसेल तर माझा युक्तिवाद लंगडा पडतो.

मोठी शस्त्रक्रिया किंवा धरण छोट्या गटाला पेलत नाही, हेही उघड आहे. पण अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले, ते दवाखान्याला पर्याय म्हणून नव्हे. दवाखान्यात कोणाला आणि केव्हा न्यायचे, हे शेजारणीलाच आधी कळते.

आणखी एक फरक हिशेबात धरला जात नाही. २००१ मध्ये भूकंपाने कच्छ हादरल्यावर लातूर-धाराशिवच्या याच दुरुस्तीतून शिकलेल्या बायका तिथल्या बायकांना भेटायला गेल्या. घर पुन्हा कसे उभे करायचे आणि अधिकाऱ्याला काय विचारायचे, हे त्या सांगू शकत होत्या, कारण काही वर्षांपूर्वी मदत घेताना कामाचा काही भाग त्यांच्याकडेच ठेवलेला होता.